मनगटाकडे बघणाऱ्या बाई

नाखवीणबाई कुणाशीही बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, मनगटाकडे बघत. नव्या माणसाला हे भलतंच विचित्र वाटायचं. आमच्या मुख्याध्यापिकाबाई तर सुरुवातीला त्यांच्याशी बोलताना सारख्या पदर मनगटावर ओढून घ्यायच्या. त्यांना वाटायचं, हिचा डोळा आपल्या पाटल्यांवर आहे. बसमध्ये कंडक्टर तिकीट फाडायला लागला की बाई त्याच्या मनगटाकडे टक लावून बघत आणि खाली उतरल्यावर आम्हाला सांगत, "आज घरी भांडून आलाय." खरं की खोटं, कोण विचारायला जाणार? पण बाईंचा स्वतःवर पक्का भरवसा होता. "तोंड काय, कसंही करता येतं," त्या म्हणायच्या. "मनगटाला सोंग येत नाय गो."

ही सवय त्यांना खेळाने लावली होती. परळच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या पी.टी. शिकवत आणि तरुणपणी राज्याच्या संघातून सॉफ्टबॉल खेळल्या होत्या. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू जरा मोठा, मैदान जरा लहान, आणि चेंडू टाकायचा तो हात गोल फिरवून, कमरेखालून. बाई पिचर होत्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या. पिचर चेंडू सोडते त्या क्षणी तिचं मनगट कसं वळतं, यावर तो चेंडू पुढे काय करणार ते ठरतं. इतकी वर्षं मनगटाकडे बघून बघून बाईंची नजर तिथे जी चिकटली, ती पुन्हा वर आलीच नाही.

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटात असेल, आम्ही कधी वापरलं नाही. वरळी कोळीवाड्यात त्यांच्या भावाची होडी होती, म्हणजे तो नाखवा, एवढ्यावरून कुणीतरी त्यांना नाखवीणबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. "नाखवीण व्हायला आधी नाखवा लागतो. तो कुठे दिसला तर मला पण दाखवा," असं म्हणून त्या मोठ्याने हसत. डोक्यात अबोलीचा गजरा, गळ्यात शिट्टी, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, असा त्यांचा अवतार असे. एरवी त्या अगदी शाळेतलं मराठी बोलत. मनापासून काही बोलायचं झालं, की मात्र कोळीवाडा बाहेर येई. 'कशाला'च्या जागी 'कनाला' ऐकू आलं की आम्ही पोरी सावध व्हायचो. कनाला आलं म्हणजे बाई आता शिक्षिका म्हणून बोलत नाहीत, हे आम्हाला कळलेलं होतं.

आमच्या शाळेची मागची भिंत आणि एका गिरणीची भिंत, यांच्यामध्ये एक गल्ली होती. वर्गात बसलं की यंत्रांची घरघर इतकी कानावर असायची, की ती ऐकू येतच नसे. संप झाला आणि घरघर थांबली, तेव्हा कुठे आम्हाला ती इतकी वर्षं चालू होती हे कळलं. मी तेव्हा आठवीत होते. आबा, माझे वडील, त्याच गिरणीत त्रासन खात्यात होते. तिथे सूत कातलं जाई. संपाच्या पहिल्या महिन्यांत आबा सभांना जात, मोर्च्यांना जात. मग सभा कमी झाल्या. शेजारचे कुणी गावाला गेले, कुणी हातगाडीवर भाजी विकायला लागले. आबा मात्र रोज पाळीच्या वेळेला धुतलेला शर्ट घालून दाराशी बसत. भोंगा वाजला तर आपण तयार असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. दुसरं काम धरलं की गिरणीतलं नाव कटलं, ही भीती त्यांच्या मनात घट्ट बसली होती. आई एका खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली. घर तिच्या लाटण्यावर चाललं होतं आणि आबा भोंग्याची वाट बघत होते.

अशात एकदा नाखवीणबाई वर्गात येऊन म्हणाल्या, "राज्याच्या टीममधून खेळलेल्या पोरींना सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागा असतात. कुणाकुणाला यायचंय मैदानावर?" त्यातलं मैदान मी ऐकलंच नाही. जागा तेवढी ऐकली. घरी सांगितलं तर आईने पोळपाटावरून मान वर न करता विचारलं, "त्यात पडून हातपाय मोडत नाहीत ना?" मी नाही म्हणाले. तिथून पुढे राज्याच्या संघात जाणं हा माझा खेळ राहिला नाही, तो आमच्या घराचा प्रश्न झाला.

आम्ही पोरी चाळीतलं क्रिकेट खेळत वाढलेल्या. आमच्या चाळीत मधोमध लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. त्या बोळात क्रिकेट चालायचं आणि त्याचा एकच कायदा होता: चेंडू वर गेला की आऊट. वर गेला तर कुणाच्या स्टोव्हवर पडेल, कुणाच्या देव्हाऱ्यात जाईल, आमच्यासारख्या बौद्धांच्या घरात फोटोची काच फोडेल. त्यामुळे आमच्या सगळ्यांची बॅट खाली झुकलेली आणि नजर जमिनीवर. पहिल्या दिवशी बाईंनी आम्हाला चेंडू टाकले आणि आमच्यातली एकही जण बॅट हलवेना. चेंडू येतोय, समोरून जातोय, मागच्या कॅचरच्या हातात थपकन बसतोय, आणि आम्ही वाकून बघतोय.

"अगो, कसली वाट बघताय?" बाईंनी विचारलं.

"टप्पा पडायची," मी म्हणाले.

बाईंनी चेंडू खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "या खेळात टप्पा पडतच नाय. जे काय व्हायचं ते हवेत होतं. वाट बघत बसलात तर तिथेच म्हाताऱ्या व्हाल."

ही चूक आम्हीच करू शकत होतो. दुसऱ्या कुठल्या गावच्या पोरींनी टप्प्याची वाट बघितली नसती. बाईंनी ती खोड काढली, पण दुसरी काही निघेना. माझा फटका वर जाईना. चेंडू कितीही चांगला बसला तरी जमिनीला घासतच जायचा. "उचल गो, उचल!" बाई ओरडायच्या, आणि माझ्या मनगटात कुठेतरी शेजारच्या मावशीचा स्टोव्ह पेटलेला असायचा.

सरळ चेंडू आम्हाला हळूहळू जमायला लागले. मग एके दिवशी बाईंनी ड्रॉप टाकला. ड्रॉप म्हणजे कमरेच्या उंचीवर सुरेख, सरळ येणारा चेंडू. बघून वाटतं, हा आपलाच. बॅट फिरवावी आणि ऐन वेळी त्याने पायाखालची फळी काढल्यासारखं गुडघ्यापर्यंत खाली पडावं. मी बॅट फिरवली ती हवेत. पुन्हा फिरवली, पुन्हा हवेत. इतका संताप आला की मी बॅट आपटली. बाईंनी बॅट आपटल्याबद्दल मैदानाला चकरा मारायला लावल्या आणि परत आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "तू चेंडू बघतेस. चेंडू बघून कळेपर्यंत तो गेलेला असतो. मनगट बघ." मी मनगट बघू लागले. मला बांगडी दिसली, त्यावरचा घाम दिसला, बाकी काही दिसलं नाही. राज्याच्या निवडीला प्रत्येक चांगली पिचर ड्रॉप टाकणार, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे ड्रॉप नाही तर निवड नाही, आणि निवड नाही तर नोकरी नाही.

पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला. शाळेतल्या सगळ्यांना वाटलं, आता नारळी पुनवेपर्यंत सुट्टी. बाईंना उलट वाटलं. पावसाळ्यात कोळी दर्यावर जात नाहीत. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि जाळी दुरुस्तीला घरात येतात. जाळ्याची वरची कड पाण्यावर तरंगावी म्हणून तिच्यात हलके पोकळ गोळे ओवलेले असतात, त्यांना बोये म्हणतात. बाई भावाच्या जाळ्यातले सुटे केलेले बोये पिशवीत भरून थेट आमच्या चाळीत आल्या. पिशवी बोळात शिरली आणि दोन्ही बाजूंची दारं धडाधड उघडली.

"सुकट आणलीत का हो?" शेजारच्या मावशींनी विचारलं.

"आज बोये आणलेत. सुकट उद्या," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आल्या.

बोया वजनाला हलका आणि आरपार भोक पडलेला, त्यामुळे जरा पीळ दिला की वेडावाकडा पळतो. ज्याला बोया मारता आला त्याला ड्रॉप म्हणजे काहीच नाही, असं बाईंचं गणित होतं. सॉफ्टबॉलची लांब बॅट बोळात आडवी फिरवता येईना म्हणून मी आईचं कपडे धुवायचं धोपाटणं घेतलं. बाईंनी काही बोये टाकले, मी सगळे हुकवले. मग त्यांची नजर दाराशी बसलेल्या आबांकडे गेली. तोंडाकडे नव्हे हे सांगायला नकोच. आबा धुतलेल्या शर्टात बसले होते आणि त्यांचा उजवा अंगठा बोटावर सारखा घसरत होता. त्रासन खात्यात तुटलेला धागा सांधायचा तो असा, बोटाच्या चिमटीत पीळ देऊन. काम थांबून दोन पावसाळे झाले होते, पण हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

"दादा, हा धरा," बाईंनी त्यांच्या हातात बोया ठेवला. "आणि धाग्याला देता तसा पीळ देऊन टाका."

"मला? मला जमायचं नाही बाई. आणि कामावर जायचंय."

"कधी?"

"आजउद्या मिटेल असं म्हणतात."

"मग मिटेपर्यंत टाका. बसून तरी काय करताय?"

आबांना ते लागलं. ते उठले आणि रागारागाने बोया टाकला. बोया सरळ आला, माझ्यासमोर एकदम खाली बसला आणि धोपाटण्याखालून निघून गेला. बोळात कुणीतरी "आई गं!" म्हणालं. आबांनी आपल्या हाताकडे बघितलं. बाई त्यांच्या मनगटाकडे बघत होत्या आणि बाईंच्या चेहऱ्यावर, बाजारात ताजी सुरमई दिसल्यावर येतो तसा आनंद होता.

त्यानंतर तो पूर्ण पावसाळा आबा बोळात बोये टाकत होते आणि मी हुकवत होते. आईचे कपडे धोपाटण्यावाचून तुंबले. "तुमची नोकरी लागेपर्यंत मी मळक्या लुगड्यात फिरू का?" असं ती रोज म्हणे, पण धोपाटणं कधी परत मागितलं नाही. हळूहळू मला आबांचं मनगट दिसायला लागलं. पीळ देण्याआधी ते किंचित आत वळायचं, जणू काही लपवतंय. ते आत वळलं की समजायचं, बोया खाली जाणार. मग मी धोपाटणं आधीच खाली नेऊ लागले. एक दिवस ठक्कन आवाज आला आणि बोया बोळाच्या दुसऱ्या टोकाच्या खिडकीतून बाहेर गटारात पडला. सगळा बोळ ओरडला. आबा इतके खूश झाले की आपला बोया मारला गेला याचं त्यांना वाईट वाटलं नाही. नारळी पुनवेच्या आधी बाई बोये परत न्यायला आल्या, तेव्हा मी घाबरत त्यांना एक हरवल्याचं सांगितलं. "भावाला सांगेन, माशाने गिळला," त्या म्हणाल्या.

दहावीच्या वर्षी राज्याची निवड नायगावच्या बाजूच्या एका मैदानावर झाली. सगळ्या मुलींना एकाच पिचरने चेंडू टाकायचे असं ठरलं होतं, म्हणजे कुणावर अन्याय नको. ती पिचर तापाने आडवी पडली. निवड करणाऱ्यांची धावपळ झाली आणि त्यांची नजर नाखवीणबाईंवर गेली. राज्याच्या जुन्या पिचर, हात अजून चालू. एका गृहस्थांनी शंका काढली, "पण तुमच्या शाळेची पोरगी आहे ना यात?" बाई म्हणाल्या, "हाय ना. म्हणून तर तुम्ही नीट बघा."

आबा कुंपणाशी उभे होते. त्यांनी जे केलं ते मी लांबून बघितलं आणि शब्द नंतर त्यांच्याकडूनच कळले. ते बाईंना बाजूला घेऊन गेले आणि त्यांनी हात जोडले. म्हणाले, "बाई, एक. फक्त एक सरळ टाका तिला. घरची परिस्थिती तुम्हाला ठाऊक आहे."

बाई त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, संपात तुम्ही एकटे गेलात का गेटातून आत?"

"नाही."

"घरात चूल पेटत नव्हती तेव्हा पण?"

"तेव्हा पण नाही."

"मग मला हे कनाला सांगता?"

आबांनी हात खाली घेतले आणि परत कुंपणाशी जाऊन उभे राहिले. ते मला म्हणत, त्या वेळी त्यांना जितकी लाज वाटली तितका अभिमानही वाटला. मला विचाराल तर मला त्या दिवशी दोघांचाही राग आला असता. बरं झालं, आधी कळलं नाही.

माझी पाळी आली. तीन वेळा हुकलं की खेळ संपला, असा नियम. बाईंनी पहिला ड्रॉप टाकला. हवेत. दुसरा टाकला. पुन्हा हवेत. बाई माझ्याकडे अनोळखी बाईसारख्या बघत होत्या. बघत होत्या म्हणजे माझ्या मनगटाकडे. माझ्या मनात आलं, आता ही सरळ टाकील. इतकी वर्षं शिकवलं, एवढं तरी करील. मी सरळ चेंडूसाठी बॅट उचलली. आणि मग बाईंचा हात गोल फिरून खाली आला, तेव्हा मला त्यांचं मनगट दिसलं. बोळातल्या अंधारात आबांचं दिसायचं तसंच. किंचित आत वळलेलं. ही बाई मला तिसराही ड्रॉप टाकत होती.

विचार करायला वेळ नव्हता. बॅट आपोआप खाली गेली, चाळीतल्या सवयीने. वर मारायचं मला कधी जमलंच नव्हतं, आणि खाली पडणाऱ्या चेंडूला नेमकी तशीच खाली झुकलेली बॅट हवी असते. खण्णकन आवाज झाला आणि चेंडू जमिनीलगत सुसाट निघाला तो थेट बाईंच्या उजव्या अंगाला. ग्लोव्ह डाव्या हातात. बाजूला झाल्या असत्या तर चेंडू निघून गेला असता. बाई बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी उघडा उजवा हात घातला, चेंडू अडवला, उचलला आणि त्याच हाताने पहिल्या बेसकडे, म्हणजे मला धावून गाठायच्या खुणेकडे, फेकला. मी धावत होते. मी पोचायच्या आत चेंडू पोचला. मी आऊट.

मागे वळून बघते तर बाई गुडघ्यावर बसलेल्या आणि मधलं बोट भलत्याच दिशेला गेलेलं.

मी काही रडूबाई नव्हे. चाळीतल्या भांडणांत आणि नंतर ऑफिसच्या राजकारणात माझ्या डोळ्याला पाणी आलेलं कुणी बघितलेलं नाही. पण त्या दिवशी मी मैदानावर भोकाड पसरलं. आऊट झाले म्हणून की बोटामुळे, ते मला आजही सांगता येणार नाही. बाई दातओठ खात उठल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "रडतंस कनाला? चेंडू हातापाशी आला, मी सोडायचा कसा? माझा हात, माझी हाव. तुझा फटका झकास होता." आणि मग खालच्या आवाजात, जणू स्वतःलाच, "मी उगीच उचल, उचल म्हणत बसले. ही खोड ठेव."

हॉस्पिटलात जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. बाई गेल्या कोळीवाड्यातल्याच एका हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे, कारण त्यांच्या घरातली सगळी हाडं त्यानेच बसवली होती. त्याने तेल चोळलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बोट बसलं. वाकडं बसलं. लिहिता येई, कोळंबी सोलता येई, शिट्टी धरता येई. पण चेंडूला शेवटचा पीळ देतं ते हेच बोट, आणि ते आता वळेना. निवडीच्या यादीत माझं नाव आलं. फटका बघितला होता त्यांनी, आऊट झाले ते नव्हे. बाईंनी आयुष्यात टाकलेला शेवटचा ड्रॉप मी मारला होता.

मी राज्याकडून खेळले. पुढे त्याच सर्टिफिकिटावर मला सरकारी खात्यात नोकरी लागली आणि आईचं लाटणं सुटलं. पण त्याच्या बरंच आधी, निवडीनंतर थोड्याच दिवसांनी, बाई हाताला फडकं बांधून आमच्या दाराशी आल्या. आबा धुतलेल्या शर्टात बसले होते.

"दादा, माझ्या पोरींना ड्रॉप टाकायला आता कुणी नाय. संध्याकाळचे येता का?"

"आणि तेवढ्यात गिरणी चालू झाली तर?"

"तर जा." बाई त्यांच्या मनगटाकडे बघत होत्या. "पण टप्पा पडायची वाट बघणाऱ्या पोरी मी पुष्कळ बघितल्यात, दादा. तुमची पण त्यातलीच होती."

 दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा मैदानावर गेले. काही दिवसांनी सकाळी धुतलेला शर्ट घालून निघाले आणि एका दवाखान्यात शिपायाची नोकरी धरून परत आले. गिरणीचं नाव त्यांनी पुन्हा घरात काढलं नाही. दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी मैदान, असं त्यांचं नंतरचं आयुष्य गेलं. बाई त्यांच्या बाजूला उभ्या राहून मुलींना "मनगट बघा, मनगट!" म्हणून ओरडत, आणि आबा मनगट लपवत. मुली आबांना 'ड्रॉपकाका' म्हणायच्या. आबांना हे नाव सुपरवायझर म्हटल्यासारखं वाटे.

बाई निवृत्त होऊन कोळीवाड्यात राहायला गेल्या. गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आला, शाळेचं मैदान निम्मं झालं, आबांचे गुडघे गेले. मी अधूनमधून बाईंना भेटत असे. गेल्या खेपेला त्यांच्या भाच्याचा फोन आला, "आत्याला बघून जा. साखरेने डोळे गेलेत, आणि बाकीचंही आता फारसं राहिलं नाही." मी आबांना टॅक्सीत घालून घेऊन गेले. पावसाळ्याचे दिवस होते, घराच्या ओट्यावर जाळं पसरलेलं होतं आणि भाचा त्याला नवे बोये ओवत होता.

बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. डोक्यात अबोली होती, कुणीतरी माळून दिलेली. मी टॅक्सीवाल्याच्या तक्रारी सांगितल्या, ऑफिसातल्या नव्या साहेबाच्या नकला केल्या, पाऊस कसा नको तिथे पडतो ते सांगितलं. बाई हसत होत्या. पण त्यांचं तोंड नक्की कुठे करायचं ते त्यांना समजत नव्हतं. आयुष्यभर जिथे बघितलं, ते आता दिसत नव्हतं.

"दादा, हात द्या बघू," त्या मध्येच म्हणाल्या.

आबांनी हात पुढे केला. बाईंनी आपल्या वाकड्या बोटाच्या हाताने त्यांचं मनगट धरलं. "टाका," म्हणाल्या. आबांनी रिकामं मनगट वळवलं.

"ड्रॉप."

आबांनी पुन्हा वळवलं.

"हा पण ड्रॉप. अहो, इतक्या वर्षांत दुसरं काय शिकलातच नाय?"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी उठून त्यांना पाणी दिलं. मग बाईंनी चाचपडत माझा हात शोधला आणि मनगट धरलं. मी साहेबाची गोष्ट पुढे चालू ठेवली. आवाज अगदी नेहमीसारखा होता, तोंडावर हसू होतं, आबांना काही कळलं नाही आणि दारातल्या भाच्यालाही नाही. बाई ऐकत होत्या. त्यांचा अंगठा माझ्या नाडीवर होता. गोष्ट संपेपर्यंत त्या थांबल्या.

"ते सगळं बरोबर," त्या हळूच म्हणाल्या. "पण मगापासून रडतंस कनाला?"